पाठीमागून दिसलेला ओटिस

पाच गाणी, एक गायक, त्याच्या मागे सात वादक आणि एकूण १९ मिनिटं. डी. ए. पेनबेकर यांनी ख्रिस हेगेडस आणि डेव्हिड डॉकिन्स यांच्या साथीनं केलेल्या ‘शेक! ओटिस ॲट मॉन्टेरी’ या फिल्मचा ऐवज एवढाच आहे. चित्रण १७ जून १९६७ च्या रात्रीचं असलं, तरी ही स्वतंत्र फिल्म १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात आली. तोवर या पाचांतली दोनच गाणी जगानं पडद्यावर पाहिली होती. पेनबेकर यांच्याच ‘मॉन्टेरी पॉप’ या १९६८ सालच्या महोत्सवपटात ती होती. पाचही गाणी सलग पाहिली, की त्या दोन गाण्यांवरून झालेली ओटिस रेडिंगची ओळख किती अपुरी होती ते कळतं.

ओटिसबद्दल लिहिणारे बहुतेक जण त्याच्या ताकदीबद्दल लिहितात. त्याची आरोळी, त्याचा घाम, पाय आपटत रंगमंचभर फिरणारी ती भरदार देहयष्टी, हे सगळं फिल्ममध्ये आहेच आणि पहिल्या पाहण्यात तेच अंगावर येतं. पण ही फिल्म पुन्हा पुन्हा पाहावीशी वाटते ती त्या ताकदीला घातलेल्या आवरासाठी. ओटिस कुठे थांबतो, किती थांबतो आणि थांबल्यावर परत सुटताना किती नेमका सुटतो, यातच त्याच्या गाण्याचा जीव आहे. आणि पेनबेकर यांच्या कॅमेऱ्यानं त्या थांबण्याला दृश्य रूप दिलं आहे.

मॉन्टेरी हे कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरचं गाव. तिथल्या जत्रा-प्रदर्शनांच्या सरकारी मैदानावर १६ ते १८ जून १९६७ असे तीन दिवस हा आंतरराष्ट्रीय पॉप महोत्सव झाला. रेकॉर्ड निर्माता लू ॲडलर आणि ‘द मामाज अँड द पापाज’चा जॉन फिलिप्स हे त्यामागचे प्रमुख. कलाकारांनी मानधन घेतलं नाही. अपवाद पंडित रविशंकर यांचा, त्यांना ३,००० डॉलर मिळाले. शनिवारच्या रात्री मोबी ग्रेप, ह्यू मासेकेला, द बर्ड्स, लॉरा नायरो आणि जेफरसन एअरप्लेन यांच्यानंतर, अगदी शेवटी ओटिसची पाळी होती. एअरप्लेन हा सॅन फ्रान्सिस्कोचा, म्हणजे जवळजवळ घरचाच बँड. त्यांनी रंगीत प्रकाशाचे वितळते आकार पडद्यावर खेळवत मैफल केली होती. रात्र बरीच झाली होती, पावसाची भुरभुर होती आणि कार्यक्रम संपवण्याची वेळ जवळ आली होती. सुमारे ७,००० खुर्च्यांच्या त्या मैदानात फुलं माळलेली, मणी घातलेली, सैल रंगीबेरंगी कपड्यांतली तरुण मुलं. त्यांच्यासमोर एकसारखे सूट घातलेले वादक येऊन उभे राहिले आणि पाठोपाठ हिरवट निळ्या सूटमधला ओटिस धावत आला.

या प्रसंगाची एक सोपी कथा तयार झाली आहे: दक्षिणेतल्या काळ्या श्रोत्यांपलीकडे फारसा ठाऊक नसलेला गायक गोऱ्या हिप्पींसमोर पहिल्यांदाच उभा राहिला आणि एका रात्रीत त्यानं त्यांना जिंकलं. ही कथा ओटिसवर अन्याय करते. लॉस एंजेलिसच्या ‘व्हिस्की अ गो गो’ क्लबमध्ये तो एप्रिल १९६६ मध्ये गाऊन आला होता. त्याच डिसेंबरात सॅन फ्रान्सिस्कोच्या फिलमोरमध्ये गायला होता. १९६७ च्या वसंतात स्टॅक्स या रेकॉर्ड कंपनीच्या कलाकारांबरोबर युरोपचा दौरा करून नुकताच परतला होता. हा श्रोता त्याला अनोळखी नव्हता. समोरच्या गर्दीचा अंदाज घेऊन, हातात वीसेक मिनिटंच आहेत हे ओळखून त्यानं त्या मिनिटांची बांधणी केली. जलद, जलद, संथ, जलद आणि शेवटी संथातून जलदकडे जाणारं एक लांब गाणं. हा क्रम नवख्याला सुचणारा नाही.

ओटिसचा जन्म ९ सप्टेंबर १९४१ चा, जॉर्जिया राज्यातल्या डॉसनचा. वाढला मॅकन शहरात, तिथल्या बॅप्टिस्ट चर्चच्या गायनवृंदात. गायक लिटल रिचर्डही याच मॅकनचा आणि सुरुवातीच्या ओटिसवर त्याची छाया स्पष्ट आहे. १९६२ साली जॉनी जेंकिन्स या गिटारवादकाची गाडी चालवत तो मेम्फिसला स्टॅक्सच्या स्टुडिओत पोचला आणि दिवसअखेर उरलेल्या वेळात ‘दीज आर्म्स ऑफ माइन’ गाऊन गेला. तिथून पाच वर्षांत तो मॉन्टेरीला येतो. या प्रवासात एक गोष्ट महत्त्वाची आहे: त्याला स्टॅक्समध्ये जी माणसं मिळाली, ती त्यानं सोडली नाहीत.

मॉन्टेरीच्या रंगमंचावर त्याच्या मागे तीच माणसं आहेत. बुकर टी. जोन्स ऑर्गनवर, स्टीव्ह क्रॉपर गिटारवर, डोनाल्ड ‘डक’ डन बेसवर आणि अल जॅक्सन ज्युनियर ड्रम्सवर. हे चौघे म्हणजे ‘बुकर टी. अँड द एमजीज’, स्टॅक्सचा घरचा वाद्यवृंद. बाजूला ‘मार-कीज’ नावानं वाजवणारे तिघे फुंकवाद्यवाले: ट्रम्पेटवर वेन जॅक्सन, सॅक्सोफोनवर अँड्र्यू लव्ह आणि जो अर्नोल्ड. बुकर आणि अल जॅक्सन काळे, क्रॉपर आणि डन गोरे. १९६०च्या दशकातल्या मेम्फिसमध्ये ही मंडळी एका जुन्या सिनेमागृहात, उतरत्या जमिनीवर बसून रोज एकत्र वाजवत होती. त्यांच्या वादनात एक विशिष्ट ढब आहे आणि ती ओळखल्याशिवाय ओटिसच्या गाण्यातलं अर्धं सुख हाती लागत नाही. चार मात्रांच्या आवर्तनात दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर येणारा स्नेअर ड्रमचा ठोका ते किंचित, अगदी किंचित उशिरा टाकतात. १९६५ साली विल्सन पिकेटच्या ‘इन द मिडनाइट अवर’चं ध्वनिमुद्रण चालू असताना अटलांटिक रेकॉर्ड्सच्या जेरी वेक्सलरनं त्या वेळचा एक नवा नाच स्टुडिओत नाचून दाखवला. त्या नाचातला झोका पकडताना क्रॉपर आणि अल जॅक्सन यांना ही जागा सापडली. लय ओढून धरल्यासारखी वाटते, पण हलत नाही. श्रोत्याचं शरीर ठोक्याच्या अपेक्षेनं पुढे झुकतं आणि ठोका क्षणभर वाट पाहायला लावतो.

‘शेक’ या पहिल्या गाण्यात मात्र ही वाट पाहणं नाही. सॅम कुक या सोल संगीतातल्या आद्य गायकाचं हे गाणं, त्याच्या मृत्यूच्या सुमारास, डिसेंबर १९६४ मध्ये बाजारात आलेलं. ओटिसचं त्याच्यावर मनापासून प्रेम होतं आणि १९६५ च्या ‘ओटिस ब्लू’ या संग्रहात त्यानं सॅम कुकची तीन गाणी घेतली होती. रेकॉर्डवर डौलदार चालणारं हे गाणं मॉन्टेरीत इतक्या दामटलेल्या लयीत येतं, की शब्द मोडून पडतात आणि नुसत्या व्यंजनांचे आघात उरतात. रात्री उशिरा दमलेल्या श्रोत्यांना उठवायचं, हे त्याचं साधं काम आहे आणि ओटिस ते सरळ करतो: गाण्याचा मुखडा असलेला तो एकच शब्द लोकांना परत म्हणायला लावतो. चर्चमध्ये वाढलेल्या गायकाला हा पुकार-प्रतिसाद शिकावा लागत नाही. या गाण्याविषयी यापुढे फार सांगण्यासारखं नाही. ते दार उघडतं.

‘रिस्पेक्ट’ हे ओटिसचं स्वतःचं गाणं, १९६५ चं. पण जून १९६७ मध्ये ते त्याचं राहिलं नव्हतं. अरीथा फ्रँकलिननं त्याच वर्षी ते उलटं करून गायलं होतं, पुरुषाच्या मागणीची बाईची मागणी केली होती आणि त्याच महिन्यात ते अमेरिकेच्या विक्रीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोचलं होतं. ओटिस रंगमंचावर हे हसत सांगतो, की एका मुलीनं, एका मैत्रिणीनं हे गाणं आपल्याकडून नेलं. त्या हसण्यात तक्रार नाही. आणि मग तो ते गातो ते परत मिळवण्यासाठी नाही. अरीथाच्या रेकॉर्डमध्ये गाण्याची बांधणी अधिक पक्की आहे, हे मी ओटिसचा चाहता असूनही मान्य करतो. पण मॉन्टेरीतल्या या ‘रिस्पेक्ट’मध्ये अल जॅक्सनचा ड्रम ज्या तऱ्हेनं गायकाला पुढे रेटतो आणि ओटिस त्या रेट्यावर पाय रोवून उभा राहतो, तो झगडा अरीथाच्या सुघड रचनेत नाही. ओटिसचं नाचणंही इथेच नीट पाहावं. त्याला नाचाच्या बसवलेल्या पायऱ्या येत नाहीत. तो जागच्या जागी संचलन केल्यासारखा पाय उचलतो, मूठ आवळून हवेत मारतो आणि ही प्रत्येक हालचाल तालाच्या कुठल्या तरी नेमक्या बिंदूवर पडते.

इथवर फिल्म उत्तम आहे. तिसऱ्या गाण्यापाशी ती असामान्य होते.

‘आय हॅव बीन लव्हिंग यू टू लाँग’ हे ओटिसनं जेरी बटलरबरोबर लिहिलेलं, १९६५ मध्ये गाजलेलं विरहाचं संथ गाणं. ते सुरू करण्याआधी ओटिस लोकांशी बोलतो. एकमेकांवर प्रेम करणारी माणसं ती हीच ना, असं काहीसं तो विचारतो आणि होकार मोठ्यानं मागतो. त्या उन्हाळ्यात सगळ्यांच्या तोंडी असलेलं प्रेम हे सामूहिक, शांततेचं, फुलांचं प्रेम होतं. तो त्यांच्याकडून तोच शब्द घेतो आणि लगेच, जवळजवळ त्याच श्वासात, पहिली ओळ उचलतो. आता प्रेम दोन माणसांमधलं, थकलेलं, सुटू पाहणारं आणि सोडता न येणारं आहे. मोठ्या गर्दीला एका खोलीत आणून बसवण्याचं हे काम तो दोन वाक्यांत करतो.

गाणं बारा मात्रांच्या डोलात आहे, प्रत्येक मुख्य मात्रेच्या पोटात तीन लहान मात्रा. या तिस्र गतीमुळे संथ लयीतही प्रवाह अखंड राहतो. क्रॉपर गिटारवर स्वर सुटे सुटे छेडत जातो. ओटिस पहिला स्वर लांब धरतो, त्याला कंप देत नाही, हळूहळू त्यात खर भरू देतो. मग ओळीच्या शेवटी फुंकवाद्यांचे छोटे आघात पायरी पायरीनं वर चढतात आणि वाक्य पुरं होण्याआधीच ताण वाढवून ठेवतात. रेकॉर्डवर हे सगळं नेटकं आहे. मॉन्टेरीत मात्र ओटिस उत्तरार्धात एक जागा पकडतो. सगळं वादन एकदम थांबतं, पोकळीत तो एक आर्त उद्गार टाकतो, त्यावर पुन्हा एक आघात आणि पुन्हा पोकळी. ती जागा संपते तेव्हा तो ती आणखी एकदा करू द्या म्हणून सांगतो. बँड पुन्हा थांबतो. पुन्हा तो उद्गार, पुन्हा आघात. आणि प्रत्येक वेळी थांबण्याची लांबी थोडी वेगळी आहे. त्या पोकळीत कुणी ताल मोजून दाखवत नाही. सात माणसं ती लांबी मनात धरून बसतात आणि एकाच क्षणी कोसळतात.

त्यांना ती लांबी कशी कळते? या प्रश्नाचं उत्तर पेनबेकर यांच्या कॅमेऱ्यात आहे.

या गाण्याचा मोठा भाग गायकाच्या पाठीमागून टिपला आहे. कॅमेरा रंगमंचावर आहे, ओटिसच्या मागे, त्याच्याच उंचीवर, आणि समोरून येणारा स्पॉटलाइटचा झोत थेट भिंगात शिरतो. ओटिसचं डोकं त्या झोताच्या आड आलं की त्याची काळी आकृती उरते, कडेनं प्रकाशाची रेघ. तो थोडा हलला, की पडदा पांढऱ्या प्रकाशानं भरून जातो आणि काही क्षण काहीच दिसत नाही. मग पुन्हा तो आड येतो. गाण्याच्या झोक्याबरोबर हे ग्रहण लागतं आणि सुटतं. चित्रणाच्या कुठल्याही पाठ्यपुस्तकात ही चूक ठरली असती, कारण दिव्याकडे तोंड करून चित्रण करू नये हा पहिला धडा असतो. इथे तीच गाण्याची दृश्य लय झाली आहे: आवाज थांबतो तिथे अंधार, सुटतो तिथे प्रकाश, कधी बरोबर त्याच मात्रेवर, कधी किंचित मागे. स्टॅक्सच्या स्नेअरसारखंच.

या दृश्याकडे अनेकांनी प्रभावळ म्हणून पाहिलं आहे. त्याचं कारणही आहे. या मैफलीनंतर सहा महिन्यांच्या आत, १० डिसेंबर १९६७ रोजी, ओटिसचं विमान विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसनजवळ मोनोना तलावात कोसळलं. बरोबर बार-कीज हा त्याचा तरुण बँड होता. त्यातला ट्रम्पेटवादक बेन कॉली तेवढा वाचला. ओटिस २६ वर्षांचा होता. हे माहीत असलेल्या प्रेक्षकाला डोक्याभोवतीचा प्रकाश आपोआप काही वेगळं सांगू लागतो. मला तो अर्थ नको वाटतो. चित्रण झालं तेव्हा गायक २५ वर्षांचा होता, त्याला पुढे खूप करायचं होतं. काही आठवड्यांपूर्वी आलेला बीटल्सचा ‘सार्जंट पेपर’ त्यानं त्या उन्हाळ्यात पुन्हा पुन्हा ऐकला आणि ऑगस्टात सॉसलिटोच्या एका तरंगत्या घरात राहून ‘द डॉक ऑफ द बे’ची सुरुवात केली. त्या प्रकाशात मृत्यू शोधला, की दृश्यातली खरी गोष्ट हातची जाते.

खरी गोष्ट अशी, की कॅमेरा बँडच्या जागी उभा आहे. आपल्या मैफलीत तबलजी गवयाच्या बाजूला बसतो, त्याला गवयाचा चेहरा दिसतो, हात दिसतो, सम जवळ आली की दोघांची नजर भेटते. सोलच्या रंगमंचावर ही सोय नाही. गायक लोकांकडे तोंड करून पुढे उभा, ड्रम आणि फुंकवाद्यं मागे. त्यांना दिसते ती त्याची पाठ. खांदा किती वर गेला, कोपर कधी मागे आलं, टाच कधी उचलली, मान कुठे वळली, यावरून अल जॅक्सन त्या पोकळीची लांबी वाचतो. समोरून पाहणाऱ्याला ओटिसच्या हालचाली हे प्रदर्शन वाटतं. मागून पाहिलं की कळतं, त्या सूचना आहेत. मूठ खाली येते म्हणून आघात होतो. पाठीमागून घेतलेल्या या चित्रणात बँड आपल्याला फारसा दिसत नाही, कारण तेवढ्या वेळापुरते आपणच बँड असतो. गायकाच्या एवढ्या जवळ, त्याच्या सहकाऱ्यांच्या जागी नेऊन बसवणारं दुसरं चित्रण मी कुठल्याही मैफलपटात पाहिलेलं नाही.

हे केवळ नशिबानं घडलं असं म्हणता येणार नाही, जरी त्यात नशिबाचा वाटा असला तरी. पेनबेकर शिक्षणानं अभियंते. १९६० च्या सुमारास रॉबर्ट ड्र्यू यांच्या गटात रिचर्ड लीकॉक, अल्बर्ट मेझल्स यांच्याबरोबर त्यांनी खांद्यावर वागवता येईल असा आणि ध्वनीशी जुळवून चालणारा १६ मिलिमीटरचा कॅमेरा घडवण्यात भाग घेतला. त्यामुळे माहितीपट तिपाईवरून सुटला. बॉब डिलनच्या इंग्लंड दौऱ्यावरची त्यांची फिल्म याच पद्धतीची. मॉन्टेरीत लीकॉक आणि मेझल्स दोघेही त्यांच्यासोबत कॅमेरा घेऊन होते. पण १६ मिलिमीटरच्या ४०० फुटी रिळात जेमतेम ११ मिनिटं मावतात. म्हणजे ओटिसच्या मैफलीत असं रीळ लावलेल्या प्रत्येक कॅमेऱ्याला मध्येच कधीतरी रीळ बदलावं लागणार, आणि त्या मिनिटात रंगमंचावर काय होईल ते त्याच्या हाती नाही. शिवाय रंगीत फिल्मला रात्रीच्या प्रकाशात फार कमी दिसे, म्हणून चित्र इतकं दाणेदार आहे. अशा परिस्थितीत चांगला कॅमेरामन एक जागा निवडतो आणि तिथे तग धरतो. प्रकाश भिंगात शिरल्यावर पेनबेकर बाजूला सरकले नाहीत. पुढे काय होतंय ते पाहत राहिले. ध्वनी वॉली हायडर यांच्या आठ ट्रॅकच्या यंत्रणेवर स्वतंत्र मुद्रित होत होता, तोही इतका स्वच्छ, की त्या पोकळीतला ओटिसचा श्वास ऐकू येतो.

‘सॅटिस्फॅक्शन’ येतं आणि ताण सैल होतो. रोलिंग स्टोन्सचं हे गाणं. त्याची ती प्रसिद्ध सुरावट कीथ रिचर्ड्सनं मुळात फुंकवाद्यांसाठी कल्पिली होती. ओटिसनं ‘ओटिस ब्लू’मध्ये ती फुंकवाद्यांनाच दिली आणि गाणं जणू त्याच्या मूळ घरी नेलं. स्टोन्सचा ब्रायन जोन्स त्या आठवड्याअखेर मॉन्टेरीतच होता. ओटिस मूळ शब्दांची फारशी पत्रास ठेवत नाही, त्यांतले दोनचार घेऊन बाकी उद्गारांनी भरून काढतो. गंमत म्हणून छान, पण दोन मोठ्या गाण्यांच्या मधला तो विसावा आहे.

शेवटचं ‘ट्राय अ लिटल टेंडरनेस’. १९३२ चं हे गाणं जिमी कॅम्बेल, रेज कॉनली आणि हॅरी वूड्स यांचं, बिंग क्रॉस्बीसारख्यांनी नाचगृहाच्या मवाळ ढंगात गायलेलं. १९६६ मध्ये स्टॅक्सच्या मंडळींनी त्याची पुनर्रचना केली. आयझॅक हेजनं फुंकवाद्यांची सुरुवात बांधली आणि अल जॅक्सननं एक साधी युक्ती केली. गाणं अतिसंथ चालू असताना तो ड्रमच्या कडेवर काठीनं दुप्पट लयीचे बारीक ठोके सुरू करतो. गायक अजून ठायीत आहे, ऑर्गन ठायीत आहे, आणि त्यांच्या पोटात कुठेतरी दुगुण टिकटिकू लागली आहे. श्रोता ती ऐकतो, विसरतो, मग एकदम त्याच्या लक्षात येतं, की सगळं गाणं त्या टिकटिकीच्या लयीवर आलं आहे. गिटार येते, बेस येतो, फुंकवाद्यं चढत जातात, ओटिसचे शब्द तुटून नुसते बोल होतात. ख्याल ऐकणाऱ्या कानाला हा लयीचा प्रवास ओळखीचा वाटेल. पण इथे विलंबित आणि द्रुत अशा दोन स्वतंत्र बंदिशी नाहीत, एकाच गाण्याच्या आत, सांधा दिसू न देता, पाचेक मिनिटांत हा प्रवास होतो. शिखरावरून ते खाली येतं, संपल्यासारखं होतं, पुन्हा उसळतं. जायची इच्छा नाही पण जावं लागतंय, असं सांगत ओटिस निरोप घेतो.

आणि नेमकं इथे पेनबेकर यांनी फिल्मच्या संकलनात एक निर्णय घेतला, जो मला पटत नाही. ओटिस हे गाणं मिनीस्कर्ट घातलेल्या मुलींना अर्पण करतो. पेनबेकर तो धागा उचलतात आणि गाणं चालू असताना महोत्सवातल्या तरुण मुलींचे चेहरे एकामागून एक दाखवतात: उन्हातले, गर्दीतले, हसणारे, कुठेतरी दूर पाहणारे. हेतू कळतो. गाण्यात जिच्याशी हळुवार वागायला सांगितलं आहे ती कोण, याचं ते उत्तर आहे. चेहरे सुंदर आहेत, त्या काळाची निरागसता त्यांत आहे. पण या गाण्यातली घटना माणसांच्या हातांत घडते. काठी कडेवर कधी आली, दुगुण कुणी आधी ओळखली, ओटिसच्या पाठीनं ती कधी उचलली, हे पाहायचं असताना आपण दिवसाच्या उजेडातल्या गर्दीत फिरत असतो. तिसऱ्या गाण्यात ज्या कॅमेऱ्यानं आपल्याला बँडच्या जागी बसवलं, त्याच फिल्मनं पाचव्यात आपल्याला तिथून उठवलं.

हीच युक्ती पेनबेकर यांनी ‘मॉन्टेरी पॉप’च्या शेवटी केली आहे आणि तिथे ती पूर्ण साधली आहे. रविवारी दुपारी पंडित रविशंकर आणि उस्ताद अल्लारखाँ यांची मैफल झाली. त्या फिल्मचा शेवट या मैफलीनं होतो, जवळपास १८ मिनिटांच्या भागानं, म्हणजे ओटिसच्या सबंध फिल्मइतक्याच लांबीच्या. सुरुवातीला सतार ऐकू येते, पण वादक दिसत नाहीत. बराच वेळ कॅमेरा श्रोत्यांत, मैदानात, लोकांच्या चेहऱ्यांवर रेंगाळतो आणि मग केव्हातरी रंगमंचावर पोचतो. ते योग्य वाटतं, कारण सतारीचे सुरुवातीचे स्वर पसरायला मोकळी जागा मागतात आणि ते ऐकताना नजर भटकली तरी काही निसटत नाही. पुढे सतार-तबल्याचे सवाल-जवाब रंगतात तेव्हा मात्र कॅमेरा तिथून हलत नाही. रविशंकर यांची बोटं, अल्लारखाँचे हात, दोघांचं एकमेकांकडे पाहून हसणं, सगळं जवळून दिसतं. कुठे भटकायचं आणि कुठे खिळायचं, हे त्या भागात अचूक कळलं आहे.

म्हणून ‘शेक!’ पाहणाऱ्याला माझं सांगणं, की शेवटचं गाणं आधी एकदा डोळे मिटून ऐकावं, ड्रमच्या कडेवरची ती काठी सुरू होते ती जागा कानानं पक्की करावी आणि मगच चित्राकडे वळावं. चेहऱ्यांच्या त्या मालिकेत अधूनमधून ओटिस परत येतो, तेव्हा त्याचे खांदे पाहावेत. आणि त्या रात्री अल जॅक्सनच्या हातांवर रोखलेल्या एखाद्या कॅमेऱ्यात रीळ शिल्लक असेल, तर ती न वापरलेली फिल्म मला पाहायची आहे.